खिशातली गोष्ट आणि कागदावरचा आराखडा

अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा दरवर्षी सोडून बसलो की दोन तऱ्हेच्या कथा हमखास हाती लागतात. पहिल्या तऱ्हेची कथा मोठ्या झोकात सुरू होते. मोहल्ला येतो, मशिदीमागची पिठाची गिरणी येते, उंबऱ्यात सुपारी कातरत बसलेली दादी येते. वाचताना आपण सावरून बसतो. मग सातव्या-आठव्या पानावर लेखकाच्या लक्षात येते की आता पुढे काय करायचे ते आपल्याला ठाऊक नाही. अशा वेळी कुणीतरी एस.टी.खाली सापडतो, नाहीतर सौदीहून तार येते. (तारखाते बंद होऊन वर्षे लोटली, कथांमध्ये तार अजून येते.) दुसऱ्या तऱ्हेची कथा पहिल्या परिच्छेदातच संपलेली असते. सून सोसणार, सासू शेवटी रडणार, शेजारचा गणपतराव धावून येणार, आणि शेवटच्या दोन ओळींत लेखक स्वतः उभा राहून बोलणार. पाने भरलेली असतात, पण ती कोणी तरी आधी आखून ठेवलेल्या चौकटीत रंग भरावा तशी.

काही वर्षांपूर्वी नवोदितांच्या एका शिबिरात डी.एड. करणाऱ्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, गोष्ट लिहायच्या आधी तिचा आराखडा काढायचा असतो का?" व्यासपीठावर आम्ही तिघे होतो. एकाने सांगितले, काढायचाच. गवंडीसुद्धा नकाशाशिवाय पाया खणत नाही. दुसऱ्याने सांगितले, मुळीच काढू नये. कथा ही बांधायची वस्तू नव्हे, ती उगवते. मुलगा दोन्ही उत्तरे वहीत उतरवून घेत होता. आमच्यापर्यंत माईक आला तेव्हा जेवणाची घंटा झाली होती. आम्ही काही तरी गुळमुळीत बोलून खाली बसलो. त्या मुलाचे देणे तेव्हापासून अंगावर आहे, ते या लेखात फेडावे असा विचार आहे.

हा प्रश्न नवा नाही. मराठीबरोबरच उर्दूचा जो कथावारसा आपल्या घरांतून चालत आला, त्यात तो वेगवेगळ्या नावांनी पुनःपुन्हा विचारला गेला आहे. आणि त्याचे उत्तर लेखकाच्या स्वभावाइतकेच, गोष्टीची वाट कोण पाहतो आहे यावरही ठरत आले आहे.

आमची नानी हातिमताईचा किस्सा सांगायची. तिला लिहिता येत नव्हते. हुस्नबानूने लग्नासाठी सात सवाल घातलेले असतात, शहजादा मुनीर शामी तिच्यावर लुब्ध होतो, आणि त्याच्यासाठी हातिम एकेका सवालाचे उत्तर शोधायला निघतो, एवढे तिला पक्के माहीत होते. सात सवाल म्हणजे सात खुंट्या. दोन खुंट्यांच्या मधली दोरी किती लांब सोडायची हे त्या रात्रीच्या श्रोत्यांवर अवलंबून. आम्ही पेंगायला लागलो की हातिम रान एका दमात ओलांडायचा. जागे असलो की त्याच रानात त्याला अस्वलांचा राजा भेटायचा. हीच गोष्ट हैदर बख्श हैदरी यांनी १८०१ च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी 'आराइशे महफिल' या नावाने उर्दूत लिहून दिली. नानीने ते पुस्तक पाहिलेले नव्हते. पण सात खुंट्या दोघांच्याही त्याच होत्या.

दास्तानगो मंडळींचे शास्त्र याच पायावर उभे होते. अमीर हमजाची दास्तान एवढी पसरट की ती पाठ करणे माणसाच्या आवाक्यातले नाही. बादशहा अकबराने ती रंगवून घेतली तेव्हा कापडावर सुमारे चौदाशे मोठी चित्रे काढावी लागली आणि कारखान्याला जवळपास पंधरा वर्षे लागली. त्या चित्रांच्या मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला असे. श्रोत्यांना समोर चित्र दिसायचे आणि वाचणारा मागून वाचायचा, असे जाणकार सांगतात. पण दरबाराबाहेरच्या दास्तानगोला कुठली चित्रे आणि कुठला मजकूर! त्याच्याकडे दोनच गोष्टी. एक, दास्तानीचा सांगाडा: कोण कुणाच्या कैदेत आहे, तिलिस्माची चावी कुणाकडे आहे, पुढची लढाई कुठे आहे. दुसरी, तयार वर्णनांचा साठा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अब्दुन्नबी फखरुज्जमानी या इराणातून हिंदुस्थानात आलेल्या किस्साख्वानाने खास कथेकऱ्यांसाठी 'तिराजुल अखबार' नावाचा ग्रंथ तयार केला. त्यात लढाईची, मैफलीची, प्रेमाची आणि अय्यारीची, म्हणजे सोंगाढोंगाच्या चलाखीची, अशी वर्णने वेगवेगळी लावून दिली आहेत. पुढे उर्दू दास्तानीत रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी ही चार अंगे ठरून गेली. आज लेखनाच्या कार्यशाळांत जे शिकवतात त्याच्या जवळपास चारशे वर्षे आधीची ही कार्यशाळा म्हणायची.

या कलेत एक करामत फार मानाची होती. तिला 'दास्तान रोकना' म्हणत. कथा पुढे सरकू द्यायची नाही. वरात दाराशी आली आहे, पडदा उचलायचा आहे, आणि तो उचलण्याआधी दास्तानगो पडद्याचे कापड, त्यावरचे भरतकाम, बाहेरच्या घोड्यांचा साज, साजावरचे रत्न, रत्नाची खाण असे करत रात्रीमागून रात्र काढतो, आणि तरी श्रोता उठून जात नाही. हे कुणाला जमेल? ज्याला पुढे काय आहे ते पक्के माहीत आहे त्यालाच. पुढचे ठाऊक नसलेला माणूस थांबत नाही, तो अडकतो. थांबणे आणि अडकणे यांतला फरक श्रोत्याला लगेच कळतो. आमच्या गठ्ठ्यातल्या पहिल्या तऱ्हेच्या कथांचे दुखणे हेच आहे.

सर सय्यद अहमद खान यांनी १८४७ च्या 'आसारुस्सनादीद' या ग्रंथात दिल्लीच्या जामा मशिदीच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या दास्तानगोची नोंद केली आहे. त्या पायऱ्यांवरचा हा धंदा पुढच्या ऐंशी वर्षांत संपला. दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. उतारवयात ते सुपारी विकत. एव्हाना गोष्ट पायऱ्यांवरून उठून छापखान्यात गेली होती.

लखनौला मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना १८५८ मध्ये सुरू झाला. या छापखान्याने अमीर हमजाची दास्तान छापायला घेतली आणि ती छापता छापता शेचाळीस जाडजूड खंड झाले. त्यांतले सर्वांत गाजलेले म्हणजे 'तिलिस्मे होशरुबा'. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, १८८३ ते १८९० या काळात. त्यानंतरचे अहमद हुसैन कमर यांनी. लेखक बदलला तरी तिलिस्म चालू राहिला, अय्यार तेच राहिले, कैदेत होते ते कैदेतच राहिले. सांगाडा कुणा एकाच्या मालकीचा नव्हता म्हणून हे शक्य झाले. आजच्या दूरदर्शन मालिकांत तीन लेखक बदलतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, ते याच वाटेने. फरक एवढाच की जाह आणि कमर भाषेचे बादशहा होते.

छापखान्याने आणखी एक गोष्ट केली. उर्दू पुस्तके शिळाछपाईवर निघत. कातिब हाताने मजकूर उतरवायचा आणि तो दगडावर जायचा. एकदा दगडावर गेलेले पान बदलणे म्हणजे कातिबाची मेहनत आणि मालकाचा पैसा दोन्ही वाया. वर्तमानपत्रातली गोष्ट असेल तर उद्याचा अंक उद्याच निघणार. अशा घाईत आराखड्याला सवड कुठली? पंडित रतननाथ सरशार १८७८ मध्ये 'अवध अखबार'चे संपादक झाले आणि त्यांनी त्यातच 'फसानए आझाद' सुरू केला. नायक आझाद लखनौच्या गल्ल्या, जत्रा, कोंबड्यांच्या झुंजी, अफूबाज नवाब पाहत हिंडतो. कथानक म्हणावे तर काही नाही. मग हुस्नआरा नावाची मुलगी भेटते आणि ती लग्नासाठी अट घालते की आधी तुर्कस्तानात जाऊन रशियाशी लढून ये. वाचकांनी जरा साल पाहावे. तुर्कस्तान-रशियाची लढाई १८७७-७८ ची. ज्या वर्तमानपत्रात तिच्या बातम्या येऊन गेल्या, त्याच वर्तमानपत्रातला नायक त्या लढाईवर निघाला! बातमीनेच कथानक पुरवले. पुस्तक झाले तेव्हा ते चार खंडांत तीन हजारांहून अधिक पानांचे भरले.

आता खरे सांगायचे तर या तीन हजार पानांतली किमान अर्धी पाने कंटाळवाणी आहेत. पण त्यातला खोजी! ठेंगणा, अफूबाज, फुशारक्या मारणारा, भांडणात कायम मार खाणारा आणि आपल्या नसलेल्या शस्त्राची धमकी देणारा हा आझादचा सोबती. उर्दूतले असे अस्सल विनोदी पात्र पुन्हा झाले नाही. आराखडा आखून बसलेल्या लेखकाने खोजीला दोन प्रकरणांत आटोपले असते, कारण कथानकाला त्याची गरजच नाही. सरशारांना रोजची पाने भरायची होती आणि वाचकांना खोजी हवा होता, म्हणून तो वाढला. बिनआराखड्याच्या लेखनाची ही कमाई आहे, ती नाकारता येत नाही.

त्याच्या उलट टोकाला डेप्युटी नझीर अहमद. त्यांचे 'मिरातुल उरूस' १८६९ चे. मूळ आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिलेले, आणि पुढे त्याला सरकारचे हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. अकबरी फूहड, असगरी शहाणी. पहिल्या पानापासून ठरलेले. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लग्नात हे पुस्तक दिले गेले, त्याची उपयुक्तता मोठी. पण वाचून झाल्यावर जिवंत राहते ती बिघडलेली अकबरीच. असगरी एवढी बरोबर वागते की तिच्याविषयी पुढे काही विचारावेसेच वाटत नाही. नझीर अहमद यांचा आराखडा घटनांचा नव्हता, निकालाचा होता.

हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. काय घडणार हे आधी ठरवणे वेगळे आणि वाचकाने काय म्हणावे हे आधी ठरवणे वेगळे. पहिल्याने कथा मरत नाही. दुसऱ्याने बहुधा मरते.

पहिल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मिर्झा हादी रुसवा. हा माणूस मुळात हिशेबी डोक्याचा. रुडकीला शिकला, रेल्वेच्या कामावर बलुचिस्तानात राहिला, रसायनशास्त्राच्या नादाने घरात भट्ट्या लावल्या, उर्दू टंकलेखनाचा कळफलक आणि लघुलिपी जुळवण्याच्या खटपटी केल्या, लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकवले आणि अखेरीस हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात काम करून १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याची 'उमराव जान अदा' १८९९ ची. मुजफ्फर अली यांच्या १९८१ च्या चित्रपटामुळे ती सर्वांना ठाऊक आहे, पण चित्रपटापेक्षा कादंबरीची बांधणी पाहण्यासारखी आहे. दिलावर खान बापावरचा सूड म्हणून लहान अमीरनला पळवतो. तिच्याबरोबर कोंडलेली दुसरी मुलगी असते, रामदेई. दोघी विकल्या जातात. एक खानमच्या कोठ्यावर जाते, दुसरी एका बेगमेच्या घरी. शंभर-दीडशे पाने रामदेईचे नावही निघत नाही. मग कानपुरात उमराव एका बड्या घरी गाण्यासाठी जाते आणि तिथली बेगम निघते ती रामदेई. खरेदीच्या वेळी कोण कुणाच्या हाती गेले एवढ्यावर दोन आयुष्ये फिरली. रुसवा यावर एक वाक्याचेही प्रवचन करत नाहीत. दोघींना समोरासमोर बसवतात आणि थांबतात.

ही भेट तिथे यायची तर रामदेई पहिल्या प्रकरणातच कोठडीत असायला हवी होती. म्हणजे शेवट माहीत असलेल्या माणसानेच सुरुवात लिहिली आहे. आणि तरी वाचताना कादंबरी आखलेली वाटत नाही, कारण सगळे उमरावच्या बोलण्यातून येते. ती आठवेल तसे सांगते, मध्येच शेर म्हणते, रुसवा तिला चिडवतात. आराखडा पोटात आणि गप्पा ओठावर. रुसवांच्या बाकीच्या कादंबऱ्या इतक्या बांधेसूद नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

प्रेमचंदांचे प्रकरण थोडे गमतीचे आहे. ते उर्दूतून लिहू लागले, पुढे हिंदीत गेले, पण कथांची आणि कादंबऱ्यांची टाचणे मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत करत. त्यांचे चिरंजीव अमृतराय यांनी 'कलम का सिपाही' या १९६२ च्या चरित्रात या टाचणांची ओळख करून दिली आहे. अवधच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट, आणि तिचा आराखडा इंग्रजीत! आम्हाला यात एक मर्म दिसते. परक्या भाषेत टाचण केले की त्यातले एकही वाक्य कथेत जसेच्या तसे उचलता येत नाही. आराखडा आराखड्याच्या जागी राहतो आणि कथा पुन्हा पहिल्या शब्दापासून लिहावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या तऱ्हेच्या कथांत उलट होते, टाचणातलीच वाक्ये मध्ये 'आणि', 'मग' घालून पुढे ढकललेली असतात.

याच प्रेमचंदांनी सरशारांचा 'फसानए आझाद' हिंदीत आणला तो 'आझाद कथा' या नावाने, आणि आणताना भरपूर कात्री लावली. आखून लिहिणाऱ्याने न आखता लिहिणाऱ्याची केलेली ही छाटणी. विशेष म्हणजे ज्या पुस्तकाला आकार नाही असे सगळे म्हणत, ते प्रेमचंदांना तरुणपणापासून प्रिय होते.

मात्र प्रेमचंदांच्या सगळ्या कथांना आराखड्याने सारखाच लाभ झाला असे म्हणता येत नाही. त्यांच्या आधीच्या कित्येक कथांत शेवटी हृदयपरिवर्तन ठरलेले असते. 'नमक का दारोगा'मध्ये लाच देऊ पाहणारा धनाढ्यच अखेरीस प्रामाणिक दरोग्याला नोकरीवर घेतो. वाचून बरे वाटते आणि थोडे फसवल्यासारखेही. मग १९३४ मध्ये ते मुंबईला अजंठा सिनेटोन या कंपनीत कथालेखक म्हणून आले. तिथे कथेचा आराखडा लेखक करत नसे. तो मालक, दिग्दर्शक आणि सेन्सॉर मिळून करत. 'मजदूर' या त्यांच्या चित्रपटाला सेन्सॉरने भंडावून सोडले. वर्षभरात विटून ते बनारसला परत गेले. त्याच १९३५ च्या डिसेंबरात जामिआ मिल्लियाच्या 'जामिआ' मासिकात त्यांची 'कफन' उर्दूतून आली. सून आत तडफडून मरते, बाप-लेक बाहेर भाजलेले बटाटे खात बसतात, कफनासाठी मागून आणलेल्या पैशांची दारू पितात, गातात, नाचतात आणि पडतात. कुणाचेही हृदय पालटत नाही. आयुष्यभर शेवट आखत आलेल्या माणसाने शेवटाच्या जागी हे दोन झिंगलेले देह ठेवले. मुंबईच्या अनुभवामुळेच असे घडले असा दावा आम्ही करत नाही, पण तारखा शेजारी शेजारी आहेत.

प्रेमचंद मुंबई सोडून गेल्यावर पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, सआदत हसन मंटो 'मुसव्विर' साप्ताहिकाच्या संपादनासाठी मुंबईत आले. भायखळा, नागपाडा, फोरास रोड यांची ओळख आपल्याला त्यांच्या कथांनी जशी करून दिली तशी मराठी लेखकांनीही क्वचितच करून दिली असेल. कथा कशी लिहिता या प्रश्नावर मंटोंनी एक छोटा, खट्याळ लेख लिहिला आहे. त्याचा आशय असा की ते सोफ्यावर बसतात, बिस्मिल्ला म्हणून कागद ओढतात, मुली भोवती गोंगाट करत असतात, त्यांची भांडणे सोडवत, आल्यागेल्याशी बोलत ते लिहितात. कथा त्यांच्या डोक्यात नसतेच, ती खिशात असते आणि ती तिथे आहे याची त्यांनाच खबर नसते. म्हणून ते स्वतःला आपलाच खिसा कापणारा पाकीटमार म्हणवतात. दिल्लीच्या आकाशवाणीवर १९४१-४२ मध्ये त्यांनी शंभराच्या आसपास नाटुकली लिहिली, तीही थेट टंकयंत्रावर.

नव्या लेखकांना हा लेख फार आवडतो. मंटो आराखडा करत नव्हते, मग आम्ही कशाला करू? आम्ही त्यांना एकच विनंती करतो, की तो लेख वाचून झाल्यावर लगेच 'खोल दो' वाचा आणि वाचताना हात खिशाकडे ठेवा. म्हातारा सिराजुद्दीन फाळणीच्या धावपळीत मुलीपासून, सकीनापासून, तुटला आहे. शुद्धीवर आल्यावर त्याच्या कोटाचा खिसा फुगलेला दिसतो. आत सकीनाची ओढणी असते. पळताना ती पडली होती आणि मुलगी नको म्हणत असतानाही त्याने वाकून ती उचलली होती. पुढे स्वयंसेवकांच्या लॉरीत सकीना सापडते तेव्हा ती ओढणीवाचून अवघडलेली आहे, हातांनी छाती झाकते आहे, आणि त्यांतला एक तिला आपला कोट देतो. वाचक सुटकेचा श्वास सोडतो. शेवटी डॉक्टर खिडकीकडे पाहून दोन शब्द बोलतो आणि त्या निष्प्राण हातांना ते कसे ऐकू येतात ते आपण सोसतो. तो कोट तिथे नसता तर शेवट असा कोसळला नसता. ओढणी बापाच्या खिशात नसती तर कोटाला जागा नव्हती. तीन-चार पानांच्या कथेत एकही धागा सैल नाही.

याला कुणी बिनआराखड्याचे लेखन म्हणायचे असेल तर म्हणावे. आमच्या मते मंटोंचा आराखडा कागदावर नव्हता एवढेच. आकाशवाणीसाठी शंभर वेळा, आणि चित्रपटांसाठी वर्षानुवर्षे, ठरल्या मिनिटांत सुरुवात-मध्य-शेवट बसवलेल्या हाताला कागद लागत नाही. नानीला तरी कुठे लागत होता!

मंटोंचा आणि राजिंदरसिंग बेदी यांचा एक किस्सा उर्दूवाल्यांना तोंडपाठ असतो. मंटोंनी बेदींना कळवले की तुमची अडचण ही की तुम्ही विचार फार करता. लिहिण्याआधी करता, लिहिताना करता आणि लिहून झाल्यावरही करता. बेदींनी यावर उत्तर दिले की शीख आणखी काही असोत-नसोत, कारागीर चांगले असतात, आणि जे करतात ते सांध्याला सांधा बसवून करतात. बेदी लाहोरला टपाल खात्यात कारकून होते. पुढे मुंबईत येऊन चित्रपटांचे संवाद लिहिले, 'दस्तक' काढला. त्यांची 'गरम कोट' ही कथा अशाच एका कारकुनाची. दहा रुपयांची नोट हरवते, संसाराचे सगळे मनोरे पडतात, आणि शेवटी ती सापडते ती कोटाच्या फाटक्या खिशातून अस्तरात घसरलेली. जुना कोट फाटका असणे हे सुरुवातीला गरिबीचे वर्णन म्हणून येते आणि पुढे तेच कथानक होते. इथेही खिसाच! एकाच्या खिशात ओढणी सापडते, दुसऱ्याच्या खिशातून नोट निसटते. एकाने सोफ्यावर बसून लिहिले, दुसऱ्याने तीनदा विचार करून. वाचकाला पोहोचताना दोन्ही कथा सारख्याच घट्ट आहेत.

इस्मत चुगताई यांच्याविषयी मंटोंनीच लिहून ठेवले आहे की त्या पालथ्या पडून, एका हातात लेखणी आणि दुसऱ्या हातात बर्फाचा खडा घेऊन लिहीत. कुर्रतुलऐन हैदर यांचे नेमके उलटे असणार. १९५९ च्या 'आग का दरिया'त तीच नावे घेऊन गौतम आणि चंपा अडीच हजार वर्षांच्या चार कालखंडांतून फिरतात, हे काम बर्फ चघळत होणारे नव्हे.

मराठीत हा वाद तंत्र आणि मंत्र या नावाने झाला. प्रा. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये प्रसिद्ध केले आणि कथानकाची गुंफण, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवटची कलाटणी यांचे रीतसर धडे दिले. त्या पुस्तकाची पुढे इतकी टवाळी झाली की ते न वाचताच हसण्याची पद्धत पडली. गाडगीळ, गोखले, माडगूळकर यांच्या नवकथेने फडक्यांचा साचा मोडला हे खरे. पण माडगूळकरांची कुठलीही चांगली कथा घ्या, ती कुठे थांबते ते पाहा, आणि न आखता ती तिथेच थांबली असे म्हणून दाखवा.

आपल्यातले हमीद दलवाई यांचे समाजकार्य सर्वांना आठवते, कथाकार दलवाई विसरले जातात. 'इंधन' १९६५ ची. आजारपणानंतर विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला निवेदक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बिघडत जाणारे गाव. जमिनीचा तंटा, जुने हिशेब, पोराबाळांच्या भानगडी, पालखी; एकेक काटकी येऊन पडते. कादंबरीचे नावच आराखडा आहे. ठिणगी कुठून पडली हे सांगण्यापेक्षा सरपण कुणी कुणी आणून टाकले हे दलवाई दाखवतात, आणि त्यात हिंदूही आहेत, मुसलमानही आहेत, निवेदकाचे स्वतःचे घरही आहे. या विषयावर काय म्हणायचे ते दलवाईंचे ठाम होते, सगळ्या महाराष्ट्राला ते पुढे ऐकू आले. पण कादंबरीत त्यांनी सरपण आखले, निकाल आखला नाही.

आमच्याकडे येणाऱ्या नव्या लेखकांची कुचंबणा इथेच आहे. मुसलमान पात्र कथेत आले की ते काय करणार याचा आराखडा वाचकाने, संपादकाने, कधी आपल्याच माणसांनी आधी काढून ठेवलेला असतो. तलाक असेल तर ती रडेल, दंगल असेल तर शेजारी वाचवील, मौलवी असेल तर तो अडवील. लेखकाने स्वतःचा आराखडा केला नाही तर त्याची लेखणी न कळत या तयार आराखड्यावरून चालू लागते, आणि त्याला वाटते आपल्याला स्फुरले. म्हणून शिबिरातल्या त्या मुलाला तेव्हा जे सांगायचे राहिले ते असे: टाचण जरूर कर. घटनांचे कर, माणसे एकमेकांना कुठे भेटतील याचे कर, खिशात काय आहे याचे कर. कोण चांगले ठरेल ही ओळ मात्र त्यात लिहू नकोस. आणि लिहिता लिहिता एखादा खोजी हट्ट करू लागला तर त्याला दोन पाने बसू दे.

तो मुलगा आता शिक्षक आहे. गेल्या वर्षी त्याची कथा आली, वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली. एक पान उलटून पाहिले तर मागे पेन्सिलीने याच कथेचे टाचण होते, दहा कलमांचे. आम्ही ते कथेशी ताडून पाहिले. सहाव्या कलमापर्यंत कथा टाचणाप्रमाणे चालली होती. सातव्या कलमात बहिणीने हिश्शाची जमीन भावाला सोडून द्यायची, असे होते. कथेत ती तलाठ्याच्या कचेरीबाहेर बाकावर बसते, अंगठ्याला शाई लावलेली, आणि डबा उघडून भाकरी खाते. पुढची तीन कलमे त्याने लिहिलीच नव्हती. कथा आम्ही तिथपर्यंत जशी होती तशी छापली.